मणक्याला मार लागलेल्याला स्टेम सेलचं इंजेक्शन: दोन एकर विकून करावं काय?

वावरातला_माणूस
राजेहो नमस्कार. मी घाटंजीच्या इकडचा, कपाशी-तुरीच्या धाग्यांवर मले बरेच जण ओळखतात. आज वेगळंच विचारून रायलो. माझा लहान भाऊ, सव्वीस वर्षांचा, मागच्या हिवाळ्यात हरभऱ्यात जागलीला गेल्ता. आमच्या इकडे रोही आन् रानडुकरं दोन्हीचा तरास हाय, रात्री मचाणावर कोणीतरी लागतेच. पहाटे उतरताना मचाणाची बल्ली निसटली आन् तो पाठीवर धुऱ्याच्या दगडावर पडला. डी१० चा, म्हणजे पाठीचा दहावा मणका फुटला. नागपूरले मेडिकलमध्ये ऑपरेशन झालं, रॉड आन् स्क्रू टाकले. हात एकदम चांगले हायेत पण कंबरेखाली काहीच नाई. कार्डावर 'एशिया ए' लिहून देल्लं हाय. वर्ष होत आलं आता.

आता ओळखीतून एक जण घरी येऊन गेला. तो म्हणते एका मोठ्या शहरात सेंटर हाय, तिथं स्टेम सेलचे, म्हणजे मूळ पेशींचे तीन इंजेक्शन देतात, साडेचार लाख लागतात, राहणं-खाणं वेगळं. म्हणे डीपीची केबल तुटली की लाइनमन जोडते का नाई, तसे हे सेल जाऊन नस जोडतात. मोबाईलवर व्हिडिओ दाखवले, लोक उठून चालून रायले. बुडा म्हणते रोडकडचं दोन एकर विकून टाकू. लहान्या काहीच बोलत नाई, दिवसभर तेच व्हिडिओ पाहत रायते.

कोणाले खरी माहिती असन तर सांगजा. 'देवावर भरवसा ठेवा' वाले कृपया थांबा, ते घरी रोज आयकतो.

संत्र्याची_बाग
वरुडकडून नमस्कार भाऊ. वाचून वाईट वाटलं. पण एक सांगतो, सगळंच फसवं नसते. माझ्या मामाला ट्रॅक्टर उलटून डी४ ला मार लागला होता, त्यानं असंच इंजेक्शन घेतलं, कमरेतून बोनमॅरो काढून पाठीत सुईनं टाकलं. त्याचे पाय आता हालतात, मी डोळ्यानं पाहिलं आहे. त्यामुळे जमत असन तर करून पहा, मनात हुरहूर नको राहायला.

फिजिओ_ताई
मी वर्धा जिल्ह्यात एका ग्रामीण दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, मणक्याचे पेशंट आमच्याकडे सतत येतात, बहुतेक झाडावरून, विहिरीत किंवा छतावरून पडलेले नाहीतर गाडीवरून.

वावरातला दादा, आधी दोन-तीन गोष्टी सांगा. 'एशिया ए' ही नोंद, म्हणजे माराची ग्रेड, कधीची आहे, ऑपरेशनच्या वेळची की नंतरची? मार लागल्यावर सुरुवातीचे काही दिवस-आठवडे मज्जारज्जू पूर्ण सुन्न असतो, त्याला स्पायनल शॉक म्हणतात, त्या काळातली तपासणी शेवटची धरायची नसते. ए म्हणजे पूर्ण मार, बी म्हणजे खाली जाणीव आहे पण हालचाल नाही, सी आणि डी मध्ये थोडी-जास्त हालचाल, ई म्हणजे नॉर्मल. आणि मार पूर्ण की अर्धवट हे पायावरून ठरत नाही, गुदद्वारापाशी स्पर्श कळतो का आणि तिथला स्नायू स्वतःहून आवळता येतो का, यावरून ठरतं. ही तपासणी पुष्कळ ठिकाणी लाजेपोटी किंवा घाईत राहूनच जाते. ती परत करून घ्या, पैसे लागत नाहीत.

संत्र्याची बाग, मामांचे पाय सांगितल्यावर हलतात की आपोआप? म्हणजे 'उजवा अंगठा वर करा' म्हटलं तर होतो का?

संत्र्याची_बाग
सांगितल्यावर नाही. पांघरूण ओढलं, कोणी हात लावला की एकदम आखडतात आणि झटके देतात. पण आधी तर तेवढंही नव्हतं ना.

फिजिओ_ताई
याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. वरच्या मणक्याच्या मारात स्पायनल शॉक उतरला की काही आठवड्यांत बहुतेकांना हे येतं, इंजेक्शन घेतलं काय नि नाही घेतलं काय. मारापासून खालचा मज्जारज्जू जिवंत असतो, मेंदूचा ताबा सुटलेला असतो, म्हणून तो स्वतःच पाय झटकतो. सेंटरवाल्यांच्या व्हिडिओत हेच 'रिकव्हरी' म्हणून दाखवतात तेव्हा माझं डोकं फिरतं. त्रास जास्त असेल तर बॅक्लोफेनसारखी गोळी असते, डॉक्टरांना विचारा.

आणि एक. तिथं महिनाभर ठेवून घेतात आणि रोज तीन-चार तास फिजिओ देतात, गावात वर्षभरात जेवढा झाला नसतो तेवढा. मग पेशंटचा तोल सुधारतो, बसायला लागतो, हात भरतात. श्रेय इंजेक्शनला.

पेशीवाला
मी मूळचा अंजनगाव सुर्जीचा, बायोटेक करून सध्या पुण्यात लॅबमध्ये आहे, पेशी वाढवणं हेच काम आहे पण मणक्यावर नाही, हे आधीच सांगतो. थोडं लांब लिहितो.

ती केबलची गोष्ट सगळे एजंट सांगतात आणि ती साफ चूक आहे. बोटाची नस कापली गेली तर ती परत वाढते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मेंदूत आणि मज्जारज्जूत मात्र नाही वाढत. का नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांना शंभर वर्षं छळतोय. १९८१ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो या दोघांनी उंदरांमध्ये पायाच्या नसेचा तुकडा घेऊन त्याचा मज्जारज्जूला बाहेरून पूल लावला, आणि जे तंतू वाढत नाहीत असं सगळे म्हणत होते ते त्या पुलातून चांगले दोन-तीन सेंटिमीटर वाढले. म्हणजे तंतूंमध्ये दम आहे, भोवतालचं वातावरण त्यांना अडवतं. नंतर स्वित्झर्लंडच्या मार्टिन श्वाब यांच्या गटाने मज्जातंतूच्या आवरणात नोगो-ए नावाचं प्रथिन शोधलं, ते वाढ थांबवतं. शिवाय मार लागलेल्या जागी जो व्रण तयार होतो त्यात कॉन्ड्रॉइटिन सल्फेटवाली प्रथिनं साचतात, तीही तंतूंना पुढे जाऊ देत नाहीत. आणि मारानंतर पहिले काही दिवस-आठवडे सूज, रक्तपुरवठा कमी होणं, पेशी मरणं हे चालूच असतं, त्यामुळे पहिल्या फटक्यात जेवढं गेलं त्याहून जास्त नंतर जातं आणि मधे पोकळी तयार होते.

आता विचार करा, वर्षभर जुनी पोकळी, भोवती व्रण, वाढीला अडवणारी प्रथिनं, आणि तुम्ही कमरेत सुई टोचून मज्जारज्जूभोवतालच्या पाण्यात काही पेशी सोडल्या. त्यातल्या किती तिथं पोचणार, किती जगणार, जगल्या तर नसपेशी बनणार का, बनल्या तर योग्य पेशीला जाऊन जोडल्या जाणार का? प्रत्येक पायरीला गळती आहे. आपल्या बोनमॅरोतल्या पेशी तर बहुतेक करून नसपेशी बनतच नाहीत, फार तर काही दिवस सूज कमी करणारी रसायनं सोडतात असं मानलं जातं. त्याचा काही उपयोग असलाच तर तो ताज्या मारात.

शेणखत_किंग
एवढं लिहिल्यापेक्षा सरळ सांगा ना, होते का नाई होत. 😀 आमच्या इकडे एक मालिशवाला हाय, गरम तेलानं...

फिजिओ_ताई
गरम तेल अजिबात नको! जाणीव नसलेल्या कातडीला चटका कळत नाही, गरम पाण्याच्या पिशवीने आणि तेलाने भाजलेल्या जखमा मी किती ड्रेस केल्या आहेत मलाच माहीत. तुमच्या मालिशवाल्याला सांगा स्वतःच्या गुडघ्याला लाव म्हणावं.

वावरातला_माणूस
पेशीवाले भाऊ, समजलं बरंचसं. पण तो माणूस म्हणते जपानमध्ये सरकारनं परवानगी देल्ली हाय. तेही खोटं होय का?

पेशीवाला
खोटं नाही, अर्धं आहे. आणि अर्धं जास्त महाग पडतं.

जपानमध्ये २०१८ च्या डिसेंबरमध्ये स्टेमिरॅक नावाच्या उपचाराला परवानगी मिळाली. साप्पोरोच्या मेडिकल युनिव्हर्सिटीचं काम. पेशंटच्याच बोनमॅरोतल्या पेशी लॅबमध्ये वाढवून शिरेतून देतात. पण परवानगी सशर्त होती, म्हणजे वापरता वापरता पुरावा गोळा करा अशी. ज्या अभ्यासावर ती दिली त्यात फक्त १३ पेशंट होते आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. १३ पैकी १२ जणांची एक तरी ग्रेड सुधारली. ऐकायला भारी वाटतं, पण हे सगळे ताज्या माराचे पेशंट, पेशी काढायच्या त्या मार लागल्यापासून महिनाभराच्या आत, आणि त्याच काळात काही लोक आपोआपही सुधारतात. तुलनाच नाही तर श्रेय कोणाला देणार? 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने तेव्हा यावर कडक टीका केली होती.

दुसरं, तिथल्याच केओ युनिव्हर्सिटीचं. आयपीएस पेशी, म्हणजे साध्या पेशींना मागे नेऊन मूळ पेशीसारखं बनवलेलं, शोध शिन्या यामानाका यांचा, २०१२ चं नोबेल त्यालाच. त्या पेशींपासून नसेच्या पूर्वपेशी बनवून त्यांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये पहिल्या पेशंटच्या मज्जारज्जूत थेट ऑपरेशन करून टाकल्या. एकूण चार पेशंट, सगळे एशिया ए, सगळ्यांना मार लागून दोन ते चार आठवडे झालेले. मार्च २०२५ मध्ये निकाल सांगितला: चौघांपैकी दोघांची सुधारणा, एक ए वरून सी ला, एक ए वरून डी ला गेला, म्हणजे आधाराशिवाय उभं राहण्यापर्यंत. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. हे मला स्वतःला खूप आशेचं वाटतं. पण चार म्हणजे चारच. आणि वर्षभर जुन्या मारावर हे अजून सिद्ध झालेलं नाही.

अमेरिकेत मेयो क्लिनिकने पेशंटच्याच चरबीतल्या पेशी घेऊन दहा जणांवर अभ्यास केला, २०२४ मध्ये छापला, सात जणांची ग्रेड सुधारली, तिथेही तुलनेचा गट नाही, तेच लिहितात की हे सुरक्षितता पाहण्यासाठी होतं. त्याआधी २०१० मध्ये जेरॉन कंपनीने गर्भपेशींपासून बनवलेल्या पेशी माणसात टाकण्याची जगातली पहिली चाचणी सुरू केली, वर्षभरात पैशाचं कारण सांगून बंद केली. आणि तो नोगो-ए, त्याला अडवणारं औषध मानेला मार लागलेल्या पेशंटवर युरोपात वापरून पाहिलं, २०२४ मध्ये निकाल आला, सगळ्यांचा मिळून विचार केला तर हाताच्या ताकदीत प्लॅसिबोपेक्षा, म्हणजे नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा फरक नाही. तीसेक वर्षांच्या कामानंतर. या क्षेत्रात असं होतं.

संत्र्याची_बाग
मग पोलंडचा तो माणूस? तो तर चालला ना? बीबीसीवर आलं होतं.

पेशीवाला
चालला, वॉकर घेऊन. त्याच्या पाठीत चाकू खुपसलेला, त्यामुळे मज्जारज्जू स्वच्छ कापला गेला होता, आपल्याकडे पडून चिरडतो तसा नाही. २०१२ मध्ये ऑपरेशन झालं. मेंदूतला वास ओळखणारा एक छोटा भाग काढला, त्यातल्या पेशी वाढवल्या आणि घोट्याजवळच्या नसेच्या पट्ट्यांचा पूल करून त्या ८ मिलिमीटरच्या फटीत बसवल्या. आणि आधी-नंतर रोज पाच तास, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम, तोही वर्षानुवर्षं. तो एक माणूस आहे. त्याच्यावरून साडेचार लाखाची पावती फाडता येत नाही.

उलट बाजूही ऐका. अशाच नाकाच्या आतल्या पेशी पोर्तुगालमध्ये एका अमेरिकन मुलीच्या मणक्यात टाकल्या होत्या. काही फायदा नाही, आणि आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली म्हणून पाहिलं तर मणक्यात तीन सेंटिमीटरची गाठ, आत नाकासारखा शेंबूड तयार होत होता. २०१४ मध्ये डॉक्टरांनी हे छापलं. म्हणजे 'फायदा नाही झाला तरी तोटा काय' हे एजंटचं वाक्य ऐकलं की ही मुलगी आठवा.

तुरीच्या_शेंगा
मी लोणारच्या इकडची. माझ्या मालकाले एल१ चा, म्हणजे कंबरेच्या पहिल्या मणक्याचा मार हाय, विहिरीवरून पडले. सगळं वाचून रायली. मले एक सांगा, परवानगी नसन तर हे सेंटर खुलेआम कसे चालतात? पेपरात जाहिरात येते त्यांची.

पेशीवाला
चांगला प्रश्न आहे ताई. आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात स्पष्ट आहे की स्टेम सेल उपचार म्हणून मान्य फक्त रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांत होणारं बोनमॅरो ट्रान्सप्लांट. बाकी सगळं, मणका धरून, फक्त मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचं. चाचणी म्हटली की तिची नोंद सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी यादीत पाहिजे, २००९ पासून सक्तीचं आहे, मोबाईलवर कोणीही शोधू शकतं. चाचणीत तपासायच्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. नुकसान झालं तर भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

खुलेआम कसे चालतात, तर जसे बाकी धंदे चालतात तसे. दारात येऊन कोण तपासतो?

वावरातले भाऊ, त्या माणसाला फोन लावा आणि एकच म्हणा: सीटीआरआयचा नंबर द्या. आणि त्यात तुमच्या भावासारखा, वर्षभर जुना, डी१० चा पेशंट बसतो का ते लिहून द्या.

चाकावरचा_गडी
उशिरा आलो धाग्यावर, केंद्रावर पीकविम्याची गर्दी होती. मी स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे कंबरेखाली लुळा, डी११, मोटरसायकलला रोही आडवा आला. आर्वीच्या बाजूला ई-सेवा केंद्र चालवतो, खुर्चीवरूनच. लग्न झालं, एक पोरगी आहे, मार लागल्यानंतरची.

संशोधनाचं पेशीवाल्याने सांगितलंच. मी लहान्यासाठी लिहितो, त्याला वाचायला द्या.

भावा, तुझे हात चांगले आहेत, डी१० आहे, म्हणजे तू खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून गाडीवर स्वतः जाऊ शकतो. कॅलिपर (पायाला बांधायचे आधार) घालून वॉकरने उभा पण राहू शकतो. हे कोणी दाखवलं का तुला? मला वर्षभर कोणी दाखवलं नव्हतं. वेल्लोरला सीएमसीच्या पुनर्वसन केंद्रात गेलो तेव्हा कळलं. ते केंद्र डॉक्टर मेरी व्हर्गिस यांच्यामुळे उभं राहिलं, १९५४ मध्ये अपघात होऊन त्यांचे स्वतःचे पाय गेले, मग खुर्चीत बसून ऑपरेशनं केली बाईनं, आणि १९६६ मध्ये हे केंद्र सुरू झालं. नागपूरहून केरळ एक्सप्रेस काटपाडीला थांबते, तिथून वेल्लोर जवळच. लांब वाटत असेल तर मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, नागपूर एम्सलाही पीएमआर म्हणजे पुनर्वसनाचा विभाग आहे, तिथं आधी दाखव.

आता पाठीचं. बेडसोर आहे का? खरं सांग. मायला लाजू नको. माकडहाड, दोन्ही बसायची हाडं आणि टाचा, रोज रात्री आरशात पाहायच्या, नाहीतर मोबाईलने फोटो काढायचा. लाल डाग दिसला आणि बोटानं दाबून फिका होत नसेल तर त्या बाजूवर वजन बंद. खाटेवर दर दोन तासांनी कूस, खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातावर जोर देऊन ढुंगण उचलायचं. एअर बेड घेतला असेल तर लक्षात ठेव, लाइन गेली की पंप बंद, पंप बंद की गादी बसते, आणि आपल्याकडे लाइन कधी जाते कधी येते ते महावितरणलाच माहीत. मी म्हणून जाड फोमची गादी खाली ठेवतो, एअर बेड तिच्यावर.

उन्हाळ्यात खुर्ची अंगणात सोडू नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, लोखंडाची फ्रेम आणि रेक्झिन तव्यासारखं तापतं, बसला की मांडी भाजते आणि कळतसुद्धा नाही. मला मांडीवर ठेवलेल्या चहाच्या गंजानं (पातेल्यानं) भाजलं होतं, संध्याकाळी बायकोला फोड दिसला तेव्हा समजलं.

वावरातला_माणूस
बेडसोर हाय. माकडहाडावर. रुपयाएवढा होता, आता मोठा झाला, वास येते. घरीच हळद लावून रायलो. आन् लघवीची नळी तर ऑपरेशनपासून कायमचीच हाय, महिन्यातून बदलून आणतो.

फिजिओ_ताई
दादा, वास येतोय म्हणजे उद्याच दाखवायचं. हळद काढा. स्टेम सेल राहू द्या बाजूला, ही जखम आधी. अशी जखम हाडापर्यंत गेली की ताप, रक्तात विष पसरणं, सगळं होऊ शकतं. सर्जनकडे जा, मेलेला भाग काढावा लागेल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जेवणात डाळ, अंडी, दूध वाढवा, प्रथिनं कमी पडली की जखम भरत नाही. आणि त्याला पाठीवर अजिबात झोपवू नका.

कायमची नळी पण बदलायला हवी, म्हणजे पद्धत. हात चांगले असलेल्या पेशंटने दर चार ते सहा तासांनी स्वतः साधी नळी घालून लघवी काढायची आणि नळी बाहेर. याला सीआयसी म्हणतात. हात साबणाने धुवायचे, पाणी दिवसभर वाटून प्यायचं, एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर लघवी साचू द्यायची नाही. पूर्वी मणक्याच्या पेशंटचे मृत्यू सगळ्यात जास्त किडन्या खराब होऊनच व्हायचे. कायमच्या नळीने जंतुसंसर्ग आणि खडे होत राहतात. युरॉलॉजिस्टला दाखवून शिकून घ्या.

तुरीच्या_शेंगा
ताई, हे आमाले पण कोणी सांगितलं नाई. मालक तर म्हणतात नळी स्वतः घालायची म्हटली की अंगावर काटा येते.

चाकावरचा_गडी
पहिले दोन-तीन दिवस येते वहिनी. मग सवय होते, मी तर एसटीच्या स्टँडवरच्या संडासातसुद्धा केलं आहे, वास सोडला तर काही प्रॉब्लेम नाही 😀

संत्र्याची_बाग
बरं, विषय निघालाच आहे तर विचारतो. मामाला मधेमधे डोकं फुटेल असं दुखतं, तोंडाला घाम सुटतो, चेहरा लाल होतो. संडास दोन-तीन दिवस झाली नाही की जास्त. आम्ही पित्त म्हणून गोळी देतो.

फिजिओ_ताई
हे पित्त नाही! मामांचा मार डी४ म्हणालात ना. डी६ किंवा त्याच्या वर मार असला की असं होतं. खाली मूत्राशय किंवा आतडं भरलं, नळी दुमडली, कपडा घट्ट झाला की बीपी एकदम प्रचंड चढतं. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आत्ता घरच्यांना फोन करून सांगा: असं झालं की पहिले उठवून ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, आडवं पाडायचं नाही. पट्टा, नाडा, मोजे सैल करायचे. लघवीची नळी दुमडली, तुंबली का ते पाहायचं. मग संडास अडकली आहे का. कारण सापडलं नाही किंवा उतरत नसेल तर १०८ ला फोन, आणि डॉक्टरांना 'ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया' हा शब्द सांगायचा, कागदावर लिहून खिशात ठेवा.

संत्र्याची_बाग
बाप्पा! फोन लावला मामीला. इंजेक्शनवाल्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फाईल पाहिली आज, आत एमआरआय आहे, पैशाच्या पावत्या आहेत, लघवीचा-संडासचा एक कागद नाही.

शेणखत_किंग
म्हणजे पायाचं काहीच होऊ शकत नाई असंच ना शेवटी?

पेशीवाला
असं मी म्हटलेलं नाही. पेशींच्या बाहेरही काम चाललंय. विजेच्या सौम्य लहरी देऊन उरलेले तंतू जागे करणं, त्यात तर गेल्या काही वर्षांत जास्त ठोस घडलं. मानेला लावून वापरायचं, ऑपरेशन न लागणारं एक यंत्र अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारं सरकारी खातं) डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केलं, पण ते मानेच्या अर्धवट मारात हाताच्या ताकदीसाठी आहे, डी१० च्या पायासाठी नाही. पाठीच्या आत तारा बसवून चालायला शिकवणं स्वित्झर्लंडला ग्रेग्वार कुर्तीन यांचा गट करतो, थोड्या लोकांवर, खूप मेहनतीने. माझा अंदाज विचाराल तर उद्या जे काही येईल ते एकट्या पेशींचं नसेल, पेशी, अडथळा काढणारं औषध, वीज आणि व्यायाम मिळून येईल, आणि ते ज्याचे सांधे आखडलेले नाहीत, किडनी चांगली आहे, पाठीला जखम नाही त्यालाच देता येईल. आजही बहुतेक चाचण्यांत बेडसोर असलेला पेशंट घेत नाहीत.

वावरातला_माणूस
अपडेट देतो. जखम दाखवली, ॲडमिट करून घेतलं, साफ केली, दोनदा न्या लागलं आतमध्ये. आता सुधारून रायली, डॉक्टर म्हणे अजून उशीर केला असता तर हाडाले लागलं असतं.

त्या माणसाले फोन लावला, बुड्याच्या समोर स्पीकरवर. सीटीआरआयचा नंबर मागितला तर म्हणे 'सगळी परवानगी हाय, तुम्ही या तर खरं, आल्यावर दाखवू'. मी म्हटलं पहिले व्हॉट्सॲपवर पाठवा, आन् पैसे काऊन लागतात चाचणीत तेही सांगा. तर म्हणे चाचणी नाई, ट्रीटमेंट हाय. बुडा इतका वेळ गप होता, तो मधातच म्हणते, मंग तुमच्या सायेबाले म्हणा पैसे चालल्यावर देतो, वावर कुठी पळून नाई जाऊन रायलं. फोन ठेवला त्यानं. आता उचलतच नाई.

दोन एकराचा विषय सध्या बंद. लहान्या अजूनही व्हिडिओ पाहते, पण काल चाकावरच्या गड्याची पोस्ट वाचून म्हणे याले विचार, खुर्चीवरून मोटरसायकलवर कसा बसते.

चाकावरचा_गडी
मोटरसायकल नाही रे, मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटी आहे, ब्रेक-रेस सगळं हातात. नंबर मेसेजमध्ये टाकला आहे, त्याला स्वतः फोन करायला सांग, तू करू नको.

कागदाचं: यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं कार्ड काढलं का? नसेल तर ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी. ते आलं की संजय गांधी निराधारचा अर्ज तहसीलला. आणि जागलीत पडला म्हणजे शेतातला अपघात, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन अवयव निकामी झाले तर २ लाख आहेत. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जा, सातबारा, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला घेऊन. वर्ष होत आलं म्हणून बाबू परत पाठवेल, तरी लेखी अर्ज देऊन पोच घे.

वावरातला_माणूस
अपघात योजनेचं डोक्यातच नव्हतं, सोमवारी जातो. संडासचं दार लहान हाय, खुर्ची जात नाई, मिस्तरी बोलावला हाय. किती रुंद करू?

चाकावरचा_गडी
कमीत कमी तीन फूट, आणि दार बाहेर उघडणारं. उंबरा काढून टाक. पण थांब, जी खुर्ची घेणार ती आधी घे, हाताच्या चक्रासकट मोज, मग भिंत फोड. आमच्याकडे मिस्तऱ्यानं आधी दार केलं होतं.